फोटोतला काळा डाग

हातात चहा असेल तर आधी कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होते तेव्हा नयनाबेनच्या नाकातून चहा आला होता. आणि थोड्या वेळाने तीच बाई ओढणी डोळ्याला लावून बसली. तेव्हा हसायचं की रडायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं अजून ठरत नाही.

तर, मी माझ्या सासूबाईंना गोरं केलं.

नुसतं गोरं म्हणताय? पंचवीस वर्षांचं केलं! ओठांना गुलाबी रंग लावला. आणि तशाच्या तशा त्यांना नाक्यावर टांगलं, सहा फुटी बॅनरवर. कधी? त्यांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी!

थांबा, सुरुवातीपासून सांगते. नाहीतर म्हणाल, बाई वेडी आहे. आहेच, पण कशी झाली ते ऐका.

मी सातवीत असताना माझी आई गेली. शाळा तिथेच सुटली, कारण धाकट्या भावाला बघायला दुसरं कोणी नव्हतं. आईचा माझ्याकडे एकच फोटो आहे, बोटाच्या पेराएवढा, त्यावर अर्धा सरकारी शिक्का. मी तिच्या मांडीवर आहे असा एकही नाही. लहानपणी मला वाटायचं, मी बहुतेक तिच्या मांडीवर कधी बसलेच नसणार. फोटो नाही म्हणजे ते झालंच नाही, असं वाटतं की नाही?

म्हणून माझी जानू झाली तेव्हा माहेरी जायचा प्रश्न नव्हता. माझं सगळं बाळंतपण सासूबाईंनी केलं. मी त्यांना आईच म्हणायचे. मूळच्या मुर्ध्याच्या, लग्न करून राईत आल्या, दोन्ही भाईंदरजवळची गावं, म्हणजे अख्खं आयुष्य खाडीच्या वाऱ्यावर. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं हिरवं गोंदण. कानात सोन्याच्या जड कुड्या, पाळ्या खांद्याला टेकायच्या तेवढ्या बाकी. आणि आवाज असा, की राईतून हाक मारली तर मुर्ध्याच्या बहिणीने तिकडून ओ द्यावी!

बाळंतिणीची खोली त्यांनी अशी बंद केली होती की वाऱ्याला सुद्धा परवानगी काढून आत यावं लागेल. खिडकीला गोधडी, दाराला जुनं लुगडं, कोपऱ्यात शेगडी आणि तिच्यावर ओव्याचा धूर. भर दुपारी बारा वाजता माझा मला हात दिसायचा नाही.

आणि त्या अंधारात मी, जगातली सगळ्यात घाबरट आई. पोरगी शिंकली की मी रडायचे. दोनदा शिंकली की आई पाणी आणायच्या, आणि मलाच पाजायच्या.

"आगो, शिंक हाय ती, ताप न्हाय!"

"पण आई, दोन आल्या!"

"तीन आल्या की सांग, मं दोघी मिलून रडू."

मी एक नियम काढला होता. सव्वा महिना होईपर्यंत पोरीचा फोटो कोणी काढायचा नाही. नजर लागते, आणि मोबाईलच्या लाइटने तान्ह्या पोराचे डोळे जातात. कुणी सांगितलं? कुणीतरी पाठवलेल्या व्हिडिओत ऐकलं होतं. त्या बाईने पांढरा कोट घातला होता, मग खरंच असणार ना!

पाचवीच्या पूजेला मुर्ध्याची मावशी आली, म्हणजे आईंची बहीण. तिने गुपचूप एक फोटो काढला. दार उघडं होतं तेवढ्यात, छान उजेडात. आई बसलेल्या आणि मांडीवर जानू. मी तो बघितला आणि माझं डोकंच फिरलं.

"मावशी, पुसा तो. माझ्या गळ्याची शपथ आहे!"

बिचारीला कुठे दाबून पुसतात ते माहीत नव्हतं. मीच तिचं बोट धरून दाखवलं.

हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

बाराव्या दिवशी आमचे हे घरी होते. हे घोडबंदर रोडला खाजगी बस चालवतात, दुपारचे घरी म्हणजे सणच. दारात उभे राहून म्हणाले, "अगं, एक तरी काढू दे. आईसोबत. एकच."

आईही म्हणाल्या, "काढू दे गो. म्हातारीला पन हौस हाय."

मी मोठ्या मनाने हो म्हटलं. ह्यांनी मोबाईल धरला मात्र, आणि मी ओरडले.

"फ्लॅश नको! फ्लॅश नको! पोरीचे डोळे जातील!"

खटॅक.

फोटो आला. म्हणजे काय आला? अंधार आला. अंधारात अजून थोडा काळा अंधार, तो आईंचा चेहरा. त्यातूनही एवढं कळत होतं की त्या कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत. बाजूला बघतायत, तोंड उघडं, कपाळाला आठ्या, कुणावर तरी खेकसल्यासारख्या. आता त्यांच्या बाजूला कोण होतं? मीच होते! आणि मांडीवर जिथे जानू दिसायला हवी, तिथे हा एवढा मोठा काळा डाग.

"तुम्हाला फोटो काढता येत नाही," मी ह्यांना म्हटलं.

"मग पुन्हा काढतो ना."

"आता नको. सव्वा महिना होऊ दे. मग पाहिजे तेवढे काढा, मी कशाला अडवतेय?"

सव्वा महिना पुरा व्हायला चार दिवस राहिले होते. आई सकाळी मोरीत माझ्या अंघोळीचं पाणी विसणत होत्या. "जरा थांब गो," म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या.

तेवढंच. पुढचं मला अजून सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही.

नंतर वर्षभर मी तो फोटो उघडून बघायचे. जानूला दूध पाजताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना. मांडीवरची जानू दिसायचीच नाही. दिसायचं ते आईंचं वाकडं तोंड. शेवटी शेवटी माझी खात्री झाली, की माझ्या त्या ओरडण्यावर त्या चिडल्या होत्या, आणि तो राग मनात घेऊनच गेल्या. कुणाला सांगणार? आणि जानू मोठी होऊन विचारणार, आजीने मला घेतलं होतं का? तिला काय दाखवू, हा डाग?

वर्ष भरत आलं. आमच्याकडे पहिलं वर्ष सण करत नाहीत, त्यामुळे जानूचा पहिला वाढदिवसही पुढे ढकललेला. वर्षश्राद्धाची तयारी सुरू झाली. राईत पद्धत अशी, की वर्षश्राद्धाचं बॅनर नाक्यावर लागतं, आणि तोच फोटो फ्रेम करून पाटावर ठेवतात, पुढे दिवा लावतात.

ह्यांनी आधार कार्डवरचा फोटो काढला. सासरे, म्हणजे बाबा, बघताच म्हणाले, "ह्यो नको. ह्यात ती पोलिसांनी धरून नेल्यासारखी दिसतं. नातीला घेतलेला हाय ना एक? तो लावा."

"बाबा, त्यात काय दिसतंय? कोळसा आहे नुसता."

बाबांनी पंच्याने तोंड पुसलं आणि ओट्यावर जाऊन बसले.

आणि मी, कुणी विचारलं नसताना, म्हणाले, "मी करते साफ!"

आता नयनाबेन आली गोष्टीत. ही शेजारच्या नव्या बिल्डिंगमधली माझी मैत्रीण, आणि मोबाईलमधली मोठी कलाकार. तिने मला फोटो सुधारायचं अ‍ॅप टाकून दिलं.

"कुछ टेन्शन नहीं लेने का. ये देख, मेरी देरानी. शादी में आई भी नहीं थी. मैंने डाल दी!"

लग्नाला न आलेली जाऊ फोटोत! हे ऐकून तरी मी सावध व्हायला हवं होतं की नको?

पोरीला झोपवून दुपारी बसले. पहिल्यांदा सूर्याचं चित्र दाबलं. फोटोत उजेड झाला, पण सगळीकडे रवा सांडल्यासारखं दिसायला लागलं. आईंच्या तोंडावर रवा, लुगड्यावर रवा. मग जादूच्या कांडीचं चित्र दाबलं. रवा गेला! अजून दाबलं. आठ्या गेल्या! अजून दाबलं. वाकडं तोंड सरळ झालं आणि आई माझ्याकडे बघून गोड हसल्या!

मी रडले हो. खरंच रडले. वर्षभर ज्या तोंडाला घाबरत होते ते माझ्याकडे बघून हसत होतं. डोळ्यात पाणी असताना माणूस नीट बघतो का? रव्यासोबत सुरकुत्या गेल्या, कुड्या गेल्या, गोंदण गेलं. अ‍ॅपला वाटलं तेही डागच! मला काहीच कळलं नाही. मी आपली कांडी दाबतेय, दाबतेय.

राहिला काळा डाग. त्याच्यासाठी रबर होतं. बोटाने डागावर घासलं, पडद्यावर गोल गोल काहीतरी फिरलं आणि काय सांगू! डाग गेला आणि तिथे बाळ आलं! गोबरं, हसरं बाळ!

"जानू!" मी एवढ्या जोरात ओरडले की खरी जानू उठून रडायला लागली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, बाराव्या दिवशी पोरगी अशी खदाखदा हसत होती का? बरोबर आहे तुमचं. पण माझ्या मोबाईलच्या काचेला तडा गेलाय, आणि तो नेमका बाळाच्या तोंडावरून जात होता.

नयनाबेनला दाखवलं. "अरे वाह! सासूजी तो एकदम हिरोईन!" मला वाटलं, कौतुक करतेय. ह्यांना पाठवलं. ह्यांनी बस थांब्यावर उभी असताना अंगठा पाठवला. बॅनरवाल्याला पाठवलं. त्याचा फोन आला.

"ताई, मॅटर वर्षश्राद्धाचं आहे ना?"

"हो."

"आणि फोटो हाच?"

"हाच."

"नक्की हाच?"

"अहो दादा, किती वेळा सांगू? हाच!"

"बरं," म्हणाला. त्याच्या त्या 'बरं'मध्ये काय काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी बॅनर लागलं. ह्यांनी परस्पर माणूस पाठवून लावून घेतलं आणि हे ड्युटीवर गेले. मी घरात उद्याच्या वड्यांची डाळ निवडत होते. तेवढ्यात बाहेर ओट्यावर कुणीतरी हुंदके देतंय असं ऐकू आलं. रोजची मासळीवाली होती. टोपली खाली ठेवून, पदर डोळ्याला लावून बाबांना विचारत होती.

"काय वो बाबा, कवां झाला? मी तं परवाच तिला मांदेली दिली!"

बाबा म्हणाले, "परवा? वरीस झाला तिला जाऊन."

"वरीस? मं परवा मांदेली घेतली ती कोन?"

"कोनी घेतली?"

"तुमच्या सुनेनं! तिचाच फोटो लावलाय ना नाक्यावर! एवढुसा पोर मांडीवर टाकून गेली वो! अजून एवढी बायामानसं उभी हायेत तिथं, समद्या रडतात!"

तिला वाचता येत नव्हतं. या घरातली तरुण बाई आणि तिच्या मांडीवर पोर, म्हणजे दुसरी कोण असणार? आणि मी नेमकी त्याच वेळी जानूला कडेवर घेऊन दारात आले.

"मावशी, आज काही नको हं, उद्या आमच्याकडे वर्षश्राद्ध आहे."

त्या बाईने माझ्याकडे बघितलं. जानूकडे बघितलं. "आगो बाय माझे!" म्हणाली आणि मटकन टोपलीतच बसली. खाली सुरमई होती. चांगली होती.

बाबा उठले. चपला घातल्या आणि नाक्याकडे चालायला लागले. मी मागोमाग, जानू कडेवर. दुरूनच दिसलं ते.

सहा फुटांवर तडा नसतो हो. सगळं लख्ख दिसतं.

एक गोरीपान मुलगी. गुलाबी ओठ, कोरलेल्या भुवया, हनुवटी अशी गुळगुळीत की माशी घसरावी. आणि तिच्या मांडीवर एक बाळ. त्याला दात! एकदोन नव्हेत, वर खाली पूर्ण ओळी! बारा दिवसांचं पोर टूथपेस्टच्या जाहिरातीला उभं राहिल्यासारखं!

बायका मला बघून बाजूला झाल्या. एकीने मला चिमटा काढून बघितला, देवाशपथ.

बाबा बॅनरखाली उभे. मान वर करून, डोळ्यांवर हात धरून बघत होते. खूप वेळ बघितलं.

"ही कोन?"

"बाबा... आई."

"न्हाय."

मी जानूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"गोंदन कुठं हाय?" बाबा म्हणाले. "लगनात मी तिचा तोंड नीट बघितलाच नव्हता, लाजंनं. ते तीन ठिपकं तेवढं बघितलं होतं. ते कुठं हायेत?"

मीच पुसले होते. जादूच्या कांडीने.

तेवढ्यात रिक्षातून मावशी उतरली. कामाला हात लावायला आदल्या दिवशी आलेली. तिने बॅनर बघितलं. बहिणीला शोधलं. सापडली नाही. मग बाळाकडे बघितलं.

"या पोराला दात कवां आलं?"

कोणीतरी फिसकन हसलं. मीही हसले असते, जर मावशी पुढचं बोलली नसती.

"माज्याकडं व्हता गो एक," ती अगदी हळू म्हणाली. "चांगला व्हता. तूच पुसायला लावलास."

तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिने नुसतं सांगितलं.

बाबा वळले. "उतरवा ते," म्हणाले. "उद्या फोटो नको. नुसता दिवा लावू." घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. जेवले नाहीत. मी ताट घेऊन दोनदा गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "तू जेव गो, पोरीला पाजायचं हाय तुला." त्यावर मला काय ते रडू आलं!

माझ्या मोबाईलमधला मूळ फोटो तर अ‍ॅपने त्याच्यावरच बदलून टाकला होता. ह्यांना फोन केला. हे ओरडतील असं वाटलं होतं. हे म्हणाले, "माझ्या जुन्या मोबाईलमध्ये मूळ फोटो आहे. कपाटात, बनियनच्या खाली." आणि मग, "मी पण नीट न बघता अंगठा पाठवला गं."

तो मोबाईल आणि जानू, दोन्ही घेऊन मी रिक्षात बसले. भाईंदर पश्चिमेला एक जुना स्टुडिओ आहे, कांतीभाईंचा. माझा लग्नाआधीचा फोटो तिथलाच. कांतीभाई आता सत्तरीचे असतील, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात.

मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. मूळ फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि चष्मा सापडल्यावर बराच वेळ नुसते बघत बसले.

"भाभी, अंधेरे में जितना है उतना ही निकलेगा. उससे ज्यादा मांगा तो मशीन अपने मन से देती है."

मग त्यांनी उजेड वाढवायला घेतला. एकदम नाही. खाडीला भरती येते तसा, इंच इंच. आधी कोपऱ्यातल्या शेगडीचा तांबडा निखारा दिसला. मग लुगड्याचा काठ. कान, कुडी. हनुवटी, एक ठिपका, दोन ठिपके, तीन. रवा होता तोंडावर, कांतीभाईंनी तो तसाच ठेवला. "रहने दो. दाना तो है, पर बाई अपनी है."

आणि मग आईंचं पूर्ण तोंड वर आलं.

त्या खेकसत नव्हत्या. हसत होत्या. कपाळाच्या आठ्या हसण्याच्या होत्या, डोळे बारीक झालेले, पुढच्या पडलेल्या दाताची फट सुद्धा दिसत होती. माझ्याकडे बघून, पोट धरून हसावं तशा. मला एकदम आठवलं. मी फ्लॅश फ्लॅश ओरडल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "आगो, वाघ आलाय कं खायला?" म्हणाल्या होत्या ना? का मला आता आठवावंसं वाटतंय म्हणून आठवतंय? देव जाणे. पण तोंड हसरं होतं. ते काही अ‍ॅपने केलेलं नव्हतं.

मी पदराने नाक पुसलं. "कांतीभाई, आता तो काळा डाग. त्याच्या खाली माझी पोरगी आहे."

त्यांनी डागावर उजेड वाढवला.

डागाला बोटं आली. पाच. मग हिरव्या बांगड्या आल्या, मनगटभर. मग अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याची एक जुनी खूण.

कांतीभाईंनी विचारलं, "ये हाथ किसका है?"

मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. जानू तोच धरून चोखत होती.

"मेरा."

वर्षभर मी ह्यांना बोलले, तुम्हाला फोटो काढता येत नाही. खोलीला दोष दिला, गोधडीला दिला, मोबाईलला दिला. आणि तो हात माझा! पोरीच्या डोळ्यांवर लाइट पडू नये म्हणून मध्येच घातलेला. जानू पूर्ण त्याच्यामागे. हाताखालून तिचं एक पाऊल तेवढं बाहेर आलेलं, बटाट्याएवढं.

"हटा दूँ?" कांतीभाई म्हणाले.

"हटाया तो नीचे से मेरी बच्ची आएगी?"

"नहीं भाभी. कैमरे ने उसको देखा ही नहीं. हाथ हटाएंगे तो मशीन कोई भी बच्चा रख देगी."

"दांतवाला?"

"कैसा भी."

मी म्हटलं, "राहू द्या. रहने दो."

दुसऱ्या दिवशी पाटावर तोच फोटो ठेवला. बाबांनी फ्रेम हातात घेतली. काचेवरून बोट फिरवत हनुवटीपर्यंत आणलं आणि तीन वेळा टेकवलं, मोजल्यासारखं. "हां," म्हणाले. "हीच."

मग बोट खाली आलं. "आन् ह्यो हात?"

"माझा आहे, बाबा."

"वलखला," ते म्हणाले. "दुसऱ्या कोनाचा असनार?"

मावशीने फ्रेम घेतली, पावलाला हात लावला आणि कडकडा बोटं मोडली. "पाय तं हाय पोरीचा. बाकीचा तिला तोंडानं सांगू. मी सांगन, मी बघितलाय."

तिने बघितलाय. जगात फक्त तिनेच तो पुसलेला फोटो बघितलाय, आणि मी. बाबा त्या दिवशी पोटभर जेवले. मीही जेवले, पोरीला पाजायचं होतं ना.

इथे गोष्ट संपायला हवी होती. माणूस एकदा शिकला की शहाणा होतो, असं तुम्हाला वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात जानूचा राहिलेला वाढदिवस केला. या वेळी मी कंबर कसली. केक ओट्यावर ठेवला, भर दुपारच्या उन्हात. घरातल्या सगळ्या ट्यूबलाइट लावल्या. गोधड्या, पडदे, सगळं काढून टाकलं. ह्यांना म्हटलं, "पाहिजे तेवढे काढा! फ्लॅश सुद्धा मारा!" बाबांच्या मांडीवर जानू, शेजारी मावशी, पुढे एक मेणबत्ती. ह्यांनी एकवीस फोटो काढले.

मग मोबाईल माझ्या हातात दिला आणि बाजूला जाऊन उभे राहिले. तोंडातून आवाज नाही, पण खांदे हलत होते.

पहिला फोटो उघडला. बाबा छान, मावशी छान, केक छान. जानूच्या तोंडासमोर एक हात, तिला मेणबत्तीपासून लांब धरणारा. दुसरा उघडला. हात, केसांवरची चमचम झटकणारा. तिसऱ्यात, कपाळावर ऊन येऊ नये म्हणून. चौथ्यात, केक घशात अडकू नये म्हणून. एकवीसच्या एकवीस! पोरीचं तोंड एकातही नाही.

मोबाईल घेऊन पुन्हा कांतीभाईंकडे गेले. त्यांनी चष्मा शोधला, एकवीस फोटो शांतपणे बघितले. मग मोबाईल माझ्या हातात परत ठेवला.

"भाभी," म्हणाले, "इसमें तो अंधेरा है ही नहीं. मैं क्या ठीक करूँ?"